खानदेशातल्या बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहायचा तर आधी ठरावबुक उघडा

सलाम भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. आवारातल्या कोनशिलेवर एक साल आहे, ट्रस्टच्या दाखल्यावर दुसरं, आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आजी तिसरंच सांगतात. बोर्डावर ‘बाप्टिस्ट’ लिहिलेलं, पण वडीलधारे म्हणतात आपण मुळात अलायन्सवाले. पंचांनी स्मरणिकेचं काम तुमच्या गळ्यात घातलंय आणि त्यांना पहिल्या पानावर मिशनरी साहेबाचा फोटो नि शेवटच्या पानावर वाढीचा तक्ता हवाय. हे सगळं कसं जुळवायचं, असा तुमचा प्रश्न.

नवापूर-नंदुरबार पट्ट्यात पाळक (पास्टर) म्हणून उमेदीची वर्षं घालवली, आता जुन्या मंडळ्यांची कागदपत्रं लावून द्यायचं काम करतो. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मिशनरी साहेबाचा फोटो आतल्या पानात न्या. बाप्टिस्ट पद्धतीची मंडळी कोणी बाहेरून येऊन उभी करून देत नाही. विश्वास धरून बाप्तिस्मा घेतलेली माणसं एकत्र बसतात, आपला पाळक नि सेवक आपण निवडतात, आपली पेटी आपण मोजतात, कोणाला सभासद करून घ्यायचं आणि कोणाला शिस्त लावायची ते सभेत हात वर करून ठरवतात. ज्या दिवशी यातलं पहिलं काम तुमच्या माणसांनी स्वतः केलं, तिथून तुमचा इतिहास. त्याआधीचं सगळं महत्त्वाचं आहे, पण ते प्रस्तावनेत बसतं.

आता नावाचा घोळ. मिशनांनी त्या काळी प्रदेश आपसांत वाटून घेतले होते, म्हणजे एकाच्या मुलखात दुसऱ्यानं सहसा पाय टाकायचा नाही. इंग्लिश बाप्टिस्टांचं काम मुख्यतः बंगाल, ओडिशा, दिल्ली-आग्र्याकडे. अमेरिकन बाप्टिस्टांचं आसामात आणि नेल्लोर-ओंगोलच्या तेलुगू मुलखात. खानदेश त्यांच्या वाट्याला आलाच नाही. पश्चिम खानदेशात आले ते स्कँडिनेव्हियन. फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या उपदेशकानं १८९० मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. १९४९ मध्ये त्याचं नाव बदलून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झालं. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला नुसतं ‘टीम’ म्हणतात ते हेच. त्याच फ्रान्सनच्या प्रभावातलं, स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगचं स्वीडिश अलायन्स मिशनही याच पट्ट्यात होतं. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कुलाच्या नावात अलायन्स आजही टिकून आहे. आणि पूर्वेला भुसावळ-जळगाव-चाळीसगावकडे होतं ते तिसरंच, ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, जे इकडे अकोला-खामगावच्या अंगानं पसरलं. म्हणजे ‘आपण अलायन्सवाले’ एवढं ऐकून थांबू नका. कोणत्या अलायन्सचे, ते विचारा. तुमच्या गावावरून ते पहिल्या दोघांपैकी असणार, पण सासरहून आलेल्या बायका चाळीसगावकडच्या असतील तर त्या बोलतात ते तिसऱ्याबद्दल.

मग बोर्डावर ‘बाप्टिस्ट’ कुठून आलं? आचरण जवळपास तेच होतं: लहान बाळाला नुसतं प्रार्थनेनं देवाला अर्पण करायचं, बाप्तिस्मा मोठेपणी, विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून. त्यामुळे नाव बदललं तरी रविवारच्या उपासनेत कोणाला फरक जाणवला नसणार. नाव येण्याच्या तीन वाटा मी पाहिल्या आहेत. एक मेळघाटाकडची. तिथलं जुनं कुरकू मिशन दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्टांनी हाती घेतलं, आणि अचलपूर-अमरावतीकडून नोकरीनिमित्त खानदेशात आलेल्या कुटुंबांनी ते नाव सोबत आणलं. दुसरी वाट रेल्वेची. भुसावळसारख्या जंक्शनला दक्षिणेतून बदली होऊन आलेली तेलुगू कुटुंबं आपल्या ओंगोलकडच्या बाप्टिस्टपणाला घट्ट धरून असत. तिसरी वाट सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त मंडळ्यांची: मिशन निघून गेल्यावर स्वतःचा ट्रस्ट नोंदवताना नाव काय द्यायचं असा प्रश्न आला, आणि यवतमाळच्या सेमिनरीतून शिकून आलेल्या पाळकानं किंवा मदत देणाऱ्या बाहेरच्या संस्थेनं हे सुचवलं. तुमच्याकडे यातलं काय झालं ते अंदाजानं लिहू नका. नाव बदलाचा ठराव कुठेतरी असतोच. (ती सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला निघाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. पाळकांच्या माहितीत ‘यवतमाळ’ की ‘पुणे’ लिहिलंय यावरूनसुद्धा ते कधी शिकले याचा अंदाज लागतो.)

कोणीतरी पंच नक्की म्हणेल की विल्यम कॅरीपासून सुरुवात करा. हरकत नाही, एक परिच्छेद द्या. माणूस बाप्टिस्ट होता, १७९३ मध्ये बंगालात उतरला, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, पंडित वैजनाथांच्या मदतीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपातला कोश बंगालातल्या श्रीरामपुरात छापला, आणि पुढच्याच वर्षी मराठी नवा करार. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असंच हे काम आहे. फक्त कॅरीपासून तुमच्या गावापर्यंत सरळ रेघ ओढू नका, कारण ती नाही. त्याचा बाप्टिस्टपणा आणि तुमचा बाप्टिस्टपणा वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेत.

सालाच्या भांडणाबद्दल. माझा अनुभव असा, की कोनशिला, दाखला आणि आजी तिघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कोनशिला इमारतीचं साल सांगते. दाखला ट्रस्टच्या नोंदणीचं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, त्यामुळे त्याआधीची नोंदणी या कायद्याखाली असूच शकत नाही, आणि पुष्कळ मंडळ्यांनी तर मिशननं हात काढल्यावरच नोंदणी केली. म्हणून ट्रस्टच्या तारखेला स्थापना धरणं म्हणजे मंडळीचं वय उगाच कमी करणं. आणि आजी सांगते ते साल तिच्या घरातल्या पहिल्या बाप्तिस्म्याचं असतं. या तिघांच्या मध्ये कुठेतरी ती चौथी तारीख आहे, जी कोणाला पाठ नसते: बाप्तिस्मा झालेले लोक ‘आम्ही आजपासून एक मंडळी’ म्हणून बसले, प्रभुभोजन घेतलं आणि आपले सेवक निवडले तो दिवस. ती सापडली तर स्मरणिकेवर तीच घाला. नाही सापडली तर पहिल्या नोंदलेल्या सभेची तारीख घाला आणि खाली तसं स्पष्ट लिहा.

आता मुख्य गोष्ट, ठरावबुक, म्हणजे मंडळीच्या सभांचे वृत्तांत नि ठराव लिहिलेल्या वह्या. बहुतेक ठिकाणी ते पाळकांच्या घरच्या लोखंडी पेटीत किंवा माजी खजिनदाराच्या माळ्यावर सापडतं. चर्चच्या कपाटात शोधून वेळ घालवू नका. दोरीनं शिवलेल्या वह्या असतात, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. लोक त्या उघडतात, ‘प्रार्थनेने सभेस सुरुवात झाली, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम केला’ एवढं वाचतात आणि कंटाळून बंद करतात. पण खरा माल तिथेच आहे. तुम्ही असं वाचा: प्रत्येक सभेचा अध्यक्ष कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, एवढंच आधी एका वहीत उतरवत जा. सुरुवातीला अध्यक्षस्थानी साहेब, सूचक मिशनच्या पगारावरचा उपदेशक, अनुमोदक मिशन शाळेचा मास्तर. मग एका वर्षी सूचकाच्या जागी एखादा वावरवाला माणूस येतो, ज्याला मिशनकडून एक पैसा मिळत नव्हता. त्याच्या नावापुढे सहीऐवजी अंगठा असेल. मग अध्यक्षस्थानी पाळक. मग एका सभेत साहेब ‘पाहुणे म्हणून उपस्थित’. ही तीन वर्षं शोधून काढलीत की तुमच्या स्मरणिकेचा कणा तयार झाला.

त्याच्या जोडीला कीर्द लावा. पाळकांचा पगार कुठून येत होता ते पाहा. मिशनचं अनुदान दर वर्षी थोडं थोडं कमी होत जातं आणि त्याच्या उलट्या बाजूला मंडळीची वर्गणी, दशांश, कापणीच्या सणाची जमा वाढत जाते. कापणीच्या सणाला पैसा कमी आणि धान्य जास्त असायचं. भात, ज्वारी, तूर, भुईमूग, कोंबडी, अंडी, आणि मग तिथेच त्याचा लिलाव. काही वह्यांत लिलावाची यादी नावानिशी असते, कोणी काय आणलं आणि कोणी किती आण्यांना घेतलं. स्मरणिकेत एखाद्या वर्षाची ती यादी जशीच्या तशी छापा. अध्यक्षांच्या मनोगतापेक्षा लोक ती आधी वाचतील. बायकांचं मूठभर तांदूळ-दाळ बाजूला काढून ठेवणंही कीर्दीत ‘मूठ धान्य’ म्हणून दिसतं, आणि पुष्कळ ठिकाणी चर्चच्या छपराचे पत्रे त्यातूनच आलेत. त्या बायकांची नावं मात्र कीर्दीत नसतात, ‘स्त्री समाज’ एवढंच. ती नावं तुम्हाला घरोघरी जाऊन मिळवावी लागतील. बायबल स्त्रियांचंही तसंच. मिशनच्या अहवालात त्या आकड्यात मोजल्या जातात, पण पाड्यापाड्यावर पायी जाऊन बाळंतिणीच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी ही माणसं नसती तर निम्मी घरं मंडळीत आली नसती, असं मी ठामपणे म्हणेन.

शिस्तीच्या ठरावांशी मात्र जपून वागा. दारू, दुसरं लग्न, उधारी बुडवणं, लग्नात बँड लावून नाचणं, सगळं तिथे नावानिशी आहे. इतिहासासाठी ते सोनं आहे, कारण मंडळी कशाला पाप म्हणत होती आणि कधी म्हणायचं थांबली ते त्यातून कळतं. पण नातवंडं पहिल्या बाकावर बसलेली असतात. विषय लिहा, वर्ष लिहा, नाव गाळा.

दारूवरून आठवलं. स्मरणिकांमध्ये हमखास वाक्य असतं की सुवार्ता येण्याआधी आदिवासी समाज दारूत बुडालेला होता आणि मंडळीनं त्याला बाहेर काढलं. हे अर्धवट आहे आणि शेजाऱ्यांचा अपमानही आहे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उठली, तिची लाट आपल्या सीमेवरच्या गावांत आली. दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दुकानदाराची नि सावकाराची गुलामी सोडा. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांनी आप पंथ उभा केला, हजारो भिल्लांनी दारू सोडली. म्हणजे समाज स्वतःच बदलायला निघाला होता, आणि मंडळी त्या वाटेवरच्यांपैकी एक होती. असं लिहिलंत तर तुमची मंडळी लहान होत नाही. उलट त्या काळात एका घरानं मंडळीची वाट धरली, शेजारच्या घरानं आप पंथाची, आणि दोघांचे बैल एकाच पाणंदीनं वावरात गेले, हे चित्र जास्त खरं आहे.

प्रस्तावनेत दोन गोष्टी घेतल्याच पाहिजेत. एक रेल्वे. तापी व्हॅली लाइन १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेर-जळगावपर्यंत पूर्ण झाली, आणि नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा ही नावं एका रुळावर आली. नकाशावर मिशनची ठाणी आणि स्टेशनं ठेवून पाहा, बरीचशी एकावर एक बसतात. साहेब रेल्वेनं यायचे, पुढे बैलगाडी किंवा घोडं. पुढे चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय उभं राहिलं त्यालाही गाडीनं येणारा रुग्ण मिळाला. दुसरी गोष्ट १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ मुळे ‘छप्पन्नचा’ म्हणतात तो दुष्काळ. त्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, कारण ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा तिथूनच येतो.

इथे मी तुम्हाला तेलुगू बाप्टिस्टांचं उदाहरण देईन. १८७६-७८ च्या दुष्काळात ओंगोलच्या जॉन क्लाऊ या मिशनऱ्यानं बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचं कंत्राट घेऊन हजारो लोकांना काम दिलं. पण मदतकाम चालू असेपर्यंत त्यानं बाप्तिस्मे थांबवून धरले होते, भाकरीसाठी कोणी पाण्यात उतरू नये म्हणून. ते थांबल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तरीही लोकांनी टोमणे मारलेच. म्हणजे दुष्काळ आणि बाप्तिस्मा यांचं नातं लपवून काही होत नाही, आणि एका ओळीत निकालही लावता येत नाही. तुमच्या मंडळीत कोणी दुष्काळातल्या अनाथाश्रमातून आलेल्यांचे वंशज असतील तर ते सरळ लिहा, त्यांच्या परवानगीनं. अनाथ पोर वाचलं, वाढलं, त्यानं मुलांना शिकवलं. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?

वाढीचा तक्ता. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिली अडचण मोजायचं काय ही. बाप्टिस्ट मंडळी लहान मुलांना सभासद धरत नाही. शेजारची उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सहसा बाळाच्या बाप्तिस्म्यापासून मोजते. (ती २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन झाली, त्यात उत्तरेकडचे बाप्टिस्टही होते, आपले अलायन्सवाले बाहेर राहिले.) दोन्हीकडे ‘दोनशे’ आकडा असला तरी तुमचे दोनशे म्हणजे घरातली पोरंबाळं धरून कितीतरी जास्त माणसं. तेव्हा दुसऱ्या मंडळीशी तुलना करणारा तक्ता काढूच नका.

दुसरं, सभासद यादीतला प्रत्येक चढ म्हणजे वाढ नव्हे आणि प्रत्येक उतार म्हणजे पडझड नव्हे. मी अशा याद्या पाहिल्यात जिथे एका वर्षी आकडा एकदम खाली येतो आणि स्मरणिकेत लिहिलेलं असतं ‘आत्मिक मरगळीचा काळ’. मूळ कागद काढला तर काय, नव्या सचिवांनी मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या आणि सुरतेला स्थायिक झालेल्या लोकांची नावं एकदाची काढून टाकली! चढाचंही तसंच. शेजारच्या पाड्यावरची शाखा त्या वर्षी यादीत धरली, म्हणून आकडा वाढला. म्हणून तक्ता करताना एकच बेरीज देऊ नका. मंडळीतल्याच कुटुंबांतल्या मुलांनी मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा वेगळा, दुसऱ्या मंडळीहून पत्र घेऊन आलेले वेगळे, आणि बाहेरून पहिल्यांदा विश्वासात आलेले वेगळे. पत्रानं आलेल्यांत व्यारा-आहव्याकडच्या सुना बऱ्याच निघतील. तिकडे चर्च ऑफ द ब्रदरनचं काम होतं, ज्यांच्यात तीनदा बुडवतात, आणि आपल्याकडच्या पंचांनी तो बाप्तिस्मा ग्राह्य धरायचा की नाही यावर एखादी सभा रात्री उशिरापर्यंत रंगवलेली सापडेल. ती जरूर वाचा, फार मजेची असते. हे तीन रकाने वेगळे केले की बहुतेक जुन्या मंडळ्यांत एक गोष्ट लख्ख दिसते: एका टप्प्यानंतर वाढ जवळजवळ सगळी घरातल्या मुलांची असते. पंचांना ते आवडणार नाही. तरी छापा.

तिसरं, महिना पाहा. आपल्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-व्यारा बाजूला जातात ती उन्हाळ्यापर्यंत. डिसेंबरातली हजेरी आणि ऑगस्टातली हजेरी ही एकाच मंडळीची वाटणार नाही. जुन्या रजिस्टरात बाप्तिस्मे कोणत्या महिन्यात जास्त आहेत ते काढा. बाप्तिस्म्याचा हौद बांधण्याआधी सगळं नदीवर अवलंबून असायचं. भर पावसात रंगावलीला पूर, एप्रिलात गुडघाभर पाणी नाही, आणि दिवाळीनंतर माणसं गावात नाहीत. त्यामुळे पूर ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत बाप्तिस्मे दाटीनं झालेले दिसले तर नवल नाही. पुढे हौद झाल्यावर ते ईस्टर-नाताळाकडे सरकतात. एखाद्या वर्षी ऑक्टोबरात चाळीस नावं दिसली तर संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं असं लगेच लिहू नका. आधी मागच्या वर्षी नदी कशी होती ते विचारा.

पूर्व खानदेशातल्या कोणी हे वाचत असेल तर एक जास्तीची नोंद: १९५६ नंतरची दहा वर्षं नीट तपासा. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतर काही घरांनी वाट बदलली, आणि यादीत पुढे फक्त ‘येत नाहीत’ असा शेरा असतो.

खरी वाढ मला विचाराल तर तक्त्यात मावत नाही. तुमच्या मंडळीनं किती पाड्यांवर शाखा काढल्या, त्यातल्या किती पुढे स्वतःच्या पायावर उभ्या राहून स्वतंत्र झाल्या, तुमच्यातून किती जण पाळक, नर्स, शिक्षक म्हणून बाहेर गेले, आणि उपासनेत मावची किंवा वसावी या इथल्या आदिवासी बोलींतलं गाणं कधीपासून आलं, हे लिहा. शेवटचा मुद्दा लहान नाही. कित्येक वर्षं प्रवचन मराठीत, गीतं ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली, ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ, पण म्हातारीला प्रार्थना मात्र मावचीतच सुचायची. आता या भाषांत नवा करार आला आहे. पहिल्यांदा मावचीत वाचन कोणी केलं आणि त्यावर कोण नाराज झालं, हे आत्ता विचारलंत तर सांगणारी माणसं आहेत.

फाटाफुटीबद्दलही लिहा. तुमच्यातले काही लोक उठून पेन्टेकॉस्टल सभेकडे गेले असतील, किंवा दोन आडनावांच्या भांडणातून पलीकडच्या गल्लीत दुसरं चर्च झालं असेल. त्यांच्या पाळकांना जाऊन भेटा, त्यांच्याकडून त्यांची बाजू दोन परिच्छेदांत लिहून घ्या. त्यांच्याकडे तुमचा जुना ग्रुप फोटो असण्याची शक्यता बरीच असते.

आजी-आजोबांशी बोलताना साल विचारू नका, त्यांना ते येत नाही आणि उगाच काहीतरी सांगतात. गांधीबाबा गेले तेव्हा चर्च होतं का, महाराष्ट्र झाला तेव्हा पाळक कोण होते, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना रविवारची उपासना कुठे व्हायची, असं विचारा. एका आजीनं मला उत्तर दिलं होतं, ‘तवय चर्च कोठे व्हतं? आंबाना झाडखाले बसूत आम्ही.’ त्या एका वाक्यानं इमारतीच्या आधीचा सगळा काळ मोकळा झाला. फोन टेबलावर उलटा ठेवून रेकॉर्ड करा, मात्र सांगून.

आता एक गंभीर गोष्ट. पंच म्हणतील, पहिल्यापासूनच्या सगळ्या बाप्तिस्म्यांची यादी नावं-गावं-तारखांसह छापू. करू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, पण अनुसूचित जातीचा आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. जळगाव बाजूच्या मंडळ्यांत हा प्रश्न फार नाजूक, पण आपल्याकडेही आंतरजातीय लग्नांमुळे तो येतो. शिवाय हल्ली छापील यादी कोणाच्या हातात पडेल आणि तिचं काय करतील सांगता येत नाही. गेलेल्या पिढीची नावं कुटुंबाच्या लेखी होकारानं द्या. हयात माणसांचा फक्त वर्षवार आकडा.

कागद कुठे शोधायचे, तेही विचारलंय तुम्ही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे त्याआधीचं सगळं धुळ्याच्या नावानं आहे. महाराष्ट्र होण्याआधीचं ‘पश्चिम खानदेश’ म्हणून, आणि १९०६ च्या आधीचं नुसतं ‘खानदेश’. धर्मादाय कार्यालयात अर्ज करताना नोंदणी क्रमांकासोबत जुना जिल्हा लिहिला नाही तर ‘सापडत नाही’ असा शेरा मिळतो. परिशिष्ट एकचा (ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा आणि आजवरचे सगळे चेंज रिपोर्ट (बदलांच्या नोंदी) मागा. विश्वस्तांची नावं कोणत्या क्रमानं बदलली ते त्यात ओळीनं मिळतं, आणि ठरावबुकात जिथे पानं फाटलीत तिथे तेच कामी येतं. लग्नांची रजिस्टरं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवावी लागतात, त्यामुळे ती सहसा बरी जपलेली असतात. वर-वधूचा धंदा, गाव आणि बापाचं नाव त्यात असतं, आणि मंडळी कोणकोणत्या पाड्यांतून गोळा झाली त्याचा नकाशा त्यातून निघतो. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांत खानदेशच्या बातम्या अधूनमधून येतात. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या संग्रहालाही पत्र टाका. मिशनऱ्यांची मायदेशी पाठवलेली पत्रं मिळाली, स्वीडिशमधली असली तरी, सोडू नका. पण ती वर्गणी देणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत हे ध्यानात ठेवून वाचा. त्यात गर्दी नेहमी मोठी असते आणि अडचणी नेहमी सैतानाच्या असतात.

जमिनीबद्दल एक वाक्यसुद्धा छापण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून वकिलाला दाखवा. मिशन कंपाउंडची जागा बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या मिशनच्या संपत्ती-ट्रस्टच्या नावावर आहे आणि त्यावर दावे चालू आहेत. स्मरणिकेतलं ‘ही जागा साहेबांनी आम्हाला दिली’ हे भाबडं वाक्य समोरचा पक्ष कोर्टात पुरावा म्हणून हजर करतो.

आणि भाऊ, त्या वह्यांना लॅमिनेशन करायला कोणी सांगेल, ऐकू नका. मोबाइलनं दिवसाच्या उजेडात, ओसरीवर, एकेक पान फोटो काढा, वही सुती कापडात बांधून कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पहिल्या वहीची सुरुवातीची दहा-बारा पानं मला पाठवा. अक्षर लागत नसेल तर मी लावून देईन.